डॉन लुईजी स्टुर्झो : गावाचा कारभार गावाकडे मागणारा धर्मगुरू

इटलीच्या दक्षिणेस भूमध्य समुद्रात सिसिली हे मोठे बेट आहे. त्या बेटाच्या अंतर्भागात, टेकड्यांवर पसरलेले काल्ताजिरोने नावाचे एक जुने शहर आहे. मातीच्या रंगीत भांड्यांसाठी आणि फरश्यांसाठी ते शतकानुशतके प्रसिद्ध आहे. या शहरातील एका जमीनदार व धर्मपरायण कुटुंबात दि. २६ नोव्हेंबर १८७१ रोजी जुळी भावंडे जन्माला आली. मुलगी एमानुएला, जिला घरात नेलीना म्हणत, आणि मुलगा लुईजी. त्यांचा थोरला भाऊ मारिओ पुढे सिसिलीतीलच पियाझ्झा आर्मेरिना धर्मप्रांताचा बिशप झाला. लुईजीनेही धर्मगुरुपद स्वीकारले. परंतु इटलीच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले ते मुख्यतः एका मागणीमुळे. देशाची सारी सत्ता राजधानीत एकवटलेली असताना गावाचा कारभार गावाने आणि प्रदेशाचा कारभार प्रदेशाने करावा, हे त्यांनी आयुष्यभर लावून धरले. त्यासाठी त्यांनी बावीस वर्षे परदेशात काढली.

इटलीत धर्मप्रांतीय धर्मगुरूंना आदराने डॉन म्हणतात. (चित्रपटांमुळे हा शब्द आपल्याकडे भलत्याच अर्थाने रूढ झाला आहे.) डॉन स्टुर्झो यांचे कार्य समजून घ्यावयाचे तर त्यांच्या जन्माआधी दहा वर्षे घडलेली एक घटना ध्यानात घेतली पाहिजे. १८६१ साली अनेक लहानमोठी राज्ये एकत्र येऊन इटलीचे एकच राज्य झाले. ही एकी उत्तरेकडील पिएमॉन्तच्या राजघराण्याच्या नेतृत्वाखाली झाली आणि पिएमॉन्तचेच कायदे, कर व नोकरशाही सर्व देशावर लादण्यात आली. ज्या सिसिलीत सक्तीची लष्करभरती ठाऊक नव्हती, तेथील तरुण सैन्यात ओढले जाऊ लागले. धान्य दळण्यावरही काही वर्षे कर बसविण्यात आला. प्रत्येक प्रांतावर केंद्राने नेमलेला प्रीफेक्ट बसला. प्रीफेक्ट म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्यासारखा अधिकारी. मात्र तो थेट गृहमंत्र्याच्या हुकमाखाली असे. नगरपालिकेच्या ठरावांवर त्याची देखरेख असे आणि सरकारच्या मर्जीतून उतरलेली नगरपालिका बरखास्त होऊन तिच्यावर राजाचा आयुक्त येई. पूल बांधायचा असो वा शाळा काढायची असो, कागद रोमला जाऊन परत येईपर्यंत गावाने वाट पाहावी, अशी ही व्यवस्था होती.

लुईजींची प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. एका गुरुविद्यालयातून दुसऱ्यात जात त्यांचे शिक्षण झाले. ते सेमिनरीत असतानाच, १८९१ साली, पोप लिओ तेरावे यांचे रेरूम नोव्हारूम हे कामगारांच्या स्थितीविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध झाले आणि या तरुणाच्या विचारांना दिशा मिळाली. तेव्हा सिसिलीतच आग धुमसत होती. फाशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेतकरी व मजुरांच्या संघटनांनी खंड कमी करावा, कर उतरवावेत म्हणून चळवळ उभारली होती. (मुसोलिनीच्या पक्षाशी या संघटनांचा केवळ नामसाधर्म्यापुरता संबंध आहे.) जानेवारी १८९४ मध्ये पंतप्रधान क्रिस्पी यांनी, जे स्वतः सिसिलीचेच होते, बेटावर लष्करी अंमल जाहीर करून ती चळवळ चिरडली. त्याच वर्षी १९ मे रोजी लुईजी स्टुर्झो यांचा गुरुदीक्षाविधी झाला.

पुढील शिक्षणासाठी ते रोमला गेले. १८९५ च्या पवित्र शनिवारी, त्या काळच्या प्रथेप्रमाणे घरोघरी जाऊन आशीर्वाद देण्याचे काम त्यांच्याकडे आले. रोममधील जुन्या ज्यू वस्तीच्या अंधाऱ्या जिन्यांवरून त्यांनी त्या दिवशी जे दारिद्र्य पाहिले, त्याने ते हादरून गेले. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होऊन ग्रंथांत रमण्याची त्यांची इच्छा होती. ती इच्छा पूर्णपणे मावळली नाही, काल्ताजिरोनेच्या सेमिनरीत त्यांनी तत्त्वज्ञान शिकविलेही. पण त्या दिवसानंतर त्यांच्या जीवनाचा ओघ बदलला.

गावी परतल्यावर त्यांनी शेतकऱ्यांसाठी पतपेढी काढली, सहकारी संस्था उभ्या केल्या आणि १८९७ साली एक वृत्तपत्र सुरू केले. त्या भागातील जमिनी मोठ्या जमीनदारांच्या होत्या. जमीनदार स्वतः शहरात राहत आणि जमीन मक्तेदारांकडे सोपवीत. मक्तेदार तिचे तुकडे करून ती चढ्या खंडाने शेतकऱ्याला देई. पेरणीच्या वेळी बियाणे नाही म्हणून सावकाराकडे जायचे आणि कापणीच्या वेळी पीक त्याच्या घरी टाकायचे, या फेऱ्यातून सुटका करण्यासाठी पतपेढी हे पहिले हत्यार होते. परंतु लवकरच डॉन स्टुर्झो यांच्या लक्षात आले की, केवळ पतपेढी पुरेशी नाही. स्थानिक करांचा बोजा कोणावर टाकायचा, नगरपालिकेची जमीन कोणाला द्यायची, शाळा कोठे उघडायची, हे निर्णय नगरपालिकेत होतात आणि नगरपालिका मूठभर घराण्यांच्या हाती आहे.

येथे एक विचित्र योगायोग त्यांच्या उपयोगी पडला. १८७० साली इटलीच्या सैन्याने रोम घेतले, तेव्हापासून पोप आणि इटलीचे राज्य यांच्यात वैर होते. कॅथलिकांनी संसदेच्या निवडणुकीत भाग घेऊ नये, असा ख्रिस्तसभेचा आदेश होता. नगरपालिका व प्रांतिक मंडळे मात्र या बंदीतून मोकळी होती. त्यामुळे देशाच्या राजकारणाचे दार बंद असलेल्या एका संपूर्ण पिढीने गावाच्या चावडीवर राजकारण शिकून घेतले. डॉन स्टुर्झो हे त्या पिढीचे सर्वांत कुशल विद्यार्थी म्हटले पाहिजेत. १९०५ पासून १९२० पर्यंत, सलग पंधरा वर्षे, त्यांनी काल्ताजिरोनेचा कारभार पाहिला. धर्मगुरू असल्यामुळे त्यांना नगराध्यक्ष हे पद रीतसर घेता येत नव्हते. म्हणून ते प्रभारी नगराध्यक्ष राहिले.

या पंधरा वर्षांचा इतिहास भव्य नाही आणि त्यातच त्याचे मोल आहे. नगरपालिकेच्या मालकीचे सान्तो पिएत्रो नावाचे मोठे रान शहराबाहेर होते. ते मक्तेदारांच्या घशात जात असे. त्यातील जमीन दीर्घ मुदतीने शेतकऱ्यांकडे कसायला देण्याची व्यवस्था त्यांनी केली. शहरात वीज आणली. रस्ते, शाळा, जमाखर्चाच्या वह्या यांत ते जातीने लक्ष घालीत. शहराची जुनी मातीकामाची कला लयाला जाऊ लागली होती; ती टिकावी म्हणून १९१८ साली त्यांनी मातीकामाची शाळा काढली. इटलीतील नगरपालिकांची एक राष्ट्रीय संघटना १९०१ साली स्थापन झाली होती. तिच्या कामात ते पुढे आले आणि अनेक वर्षे तिचे उपाध्यक्ष राहिले. त्यामुळे उत्तरेकडच्या संपन्न शहरांपासून दक्षिणेकडच्या खेड्यांपर्यंत सर्वांचे एकच गाऱ्हाणे त्यांच्या कानी आले : खर्चाची कामे केंद्र सरकार कायदे करून गावावर टाकते आणि उत्पन्नाची साधने स्वतःकडे ठेवते.

या अनुभवातून त्यांचा सिद्धान्त तयार झाला. कुटुंब, गाव आणि प्रदेश हे माणसांच्या एकत्र जगण्यातून निर्माण झालेले आहेत. ते राज्यसंस्थेने घडविलेले नाहीत. राज्यसंस्था त्यांच्यानंतर आली. म्हणून गावाला मिळणारे अधिकार ही केंद्राने दिलेली भीक नव्हे. ते अधिकार गावाचेच आहेत आणि केंद्राने ते मान्य करावयाचे आहेत. देशाच्या एकीला त्यांचा मुळीच विरोध नव्हता. उलट, एकी टिकवायची असेल तर दक्षिणेला स्वतःचा कारभार करू द्या, असे ते १९०१ पासून लिहीत होते. त्यांच्या मते दक्षिणेचे दारिद्र्य केवळ नापीक जमिनीमुळे नव्हते. उत्तरेकडील कारखान्यांना सोयीची जकात, उत्तरेला सोयीचे कायदे आणि दक्षिणेत निवडणुका जिंकून देणारे प्रीफेक्ट, या तिन्हींचा तो एकत्रित परिणाम होता. १९०३ पासून महायुद्धापर्यंतच्या बहुतेक काळात पंतप्रधान असलेले जोव्हान्नी जिओलित्ती उत्तरेत उदारमतवादी म्हणून ओळखले जात. दक्षिणेत मात्र त्यांचे बहुमत प्रीफेक्ट, पोलीस आणि स्थानिक गुंड यांच्या साहाय्याने तयार होई. डॉन स्टुर्झो यांच्या मनात जिओलित्तींविषयी जी अढी बसली, ती येथे. तिचे परिणाम पुढे गंभीर झाले.

पहिले महायुद्ध संपताच त्यांनी दि. १८ जानेवारी १९१९ रोजी रोममध्ये इटालियन जनता पक्षाची स्थापना केली. हा पक्ष ख्रिस्ती प्रेरणेचा होता, पण ख्रिस्तसभेचा नव्हता. पक्षाच्या निर्णयांची जबाबदारी बिशपांवर वा पोपमहोदयांवर येऊ नये, याविषयी धर्मगुरू असलेला त्याचा संस्थापक फार कटाक्ष बाळगी. पक्षाच्या बारा कलमी कार्यक्रमात स्त्रियांना मताधिकार, मतांच्या प्रमाणात जागा देणारी निवडणूकपद्धती, शिक्षणाचे स्वातंत्र्य यांबरोबर नगरपालिका व प्रांतांची स्वायत्तता आणि सत्तेचे विकेंद्रीकरण ही मागणी होती. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी मतदानावरील बंदी उठविली आणि त्या वर्षी नोव्हेंबरात झालेल्या निवडणुकीत या दहा महिन्यांच्या पक्षाने ५०८ पैकी १०० जागा जिंकल्या.

ऑक्टोबर १९२१ मध्ये पक्षाचे तिसरे अधिवेशन व्हेनिस येथे भरले. तेथे डॉन स्टुर्झो यांनी प्रदेश या विषयावर जो अहवाल मांडला, तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा राजकीय दस्तऐवज मानावा लागेल. इटलीच्या नकाशावर सिसिली, तोस्काना, व्हेनेतो अशी नावे होती, पण कायद्याच्या दृष्टीने ती केवळ भूगोलातील नावे होती. या प्रदेशांना लोकांनी निवडलेली मंडळे असावीत, शेती, सार्वजनिक बांधकामे, आरोग्य अशा विषयांत स्वतःचे नियम करण्याचा अधिकार असावा आणि स्वतःचा महसूल असावा, अशी ती योजना होती. शेवटच्या मुद्द्यावर त्यांचा विशेष भर होता. जो प्रदेश केंद्राच्या अनुदानावर जगतो तो स्वायत्त होऊ शकत नाही. आणि जो स्वतः कर गोळा करतो, त्याला आपल्याच मतदारांपुढे हिशेब द्यावा लागतो. पुढे इटलीत जे घडले ते पाहता हा मुद्दा सर्वांनी वाचला आणि फार थोड्यांनी मनावर घेतला, असे म्हणावे लागते.

व्हेनिसच्या अधिवेशनानंतर वर्ष उलटते न उलटते तोच, २८ ऑक्टोबर १९२२ रोजी, मुसोलिनीच्या काळ्या सदऱ्यांच्या टोळ्या रोमच्या दिशेने निघाल्या आणि राजाने त्याला पंतप्रधान केले. या घटनाक्रमात डॉन स्टुर्झो यांच्या पक्षाचाही एक दोष इतिहासकार दाखवितात. १९२२ च्या प्रारंभी जिओलित्ती पुन्हा पंतप्रधान होण्याची शक्यता होती. जनता पक्षाने त्यांना विरोध केला आणि फाक्ता यांचे दुबळे सरकार आले. जिओलित्ती आले असते तर मुसोलिनीला अडविता आले असते का, हे कोणी सांगू शकत नाही. जिओलित्तींनी स्वतःच १९२१ मध्ये फॅसिस्टांना आपल्या यादीत जागा दिल्या होत्या, हेही विसरता येत नाही. तरीही त्या नकारामागे दक्षिणेतील जुन्या जखमेचा वाटा होता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

मुसोलिनीच्या पहिल्या मंत्रिमंडळात जनता पक्षाचे काही नेते गेले, ते डॉन स्टुर्झो यांच्या मनाविरुद्ध. एप्रिल १९२३ मध्ये तोरिनोच्या अधिवेशनात त्यांनी पक्षाला फॅसिस्टांपासून दूर नेले. तेव्हापासून ते मुसोलिनीचे लक्ष्य बनले. फॅसिस्ट वृत्तपत्रांनी त्यांच्यावर आग ओकण्यास सुरुवात केली. पक्षाच्या सहकारी संस्थांवर हल्ले होतच होते. आता ख्रिस्तमंदिरांनाही धोका आहे, असे सूचित करण्यात येऊ लागले. रोमचा प्रश्न सोडविण्याची मुसोलिनीची तयारी दिसत असल्यामुळे व्हॅटिकनलाही संघर्ष नको होता. डॉन स्टुर्झो यांनी पद सोडावे अशी इच्छा वरून कळविण्यात आली. दि. १० जुलै १९२३ रोजी त्यांनी पक्षाच्या चिटणीसपदाचा राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात आर्जेन्ता येथील धर्मगुरू डॉन जोव्हान्नी मिन्झोनी यांना फॅसिस्टांनी ठार मारले. १० जून १९२४ रोजी समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांचा खून झाला. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला डॉन स्टुर्झो यांनी इटली सोडली. काही महिन्यांचा प्रवास म्हणून ते लंडनला निघाले होते.

आज्ञापालनाची ही कसोटी किती कठीण होती, याची कल्पना आपण करू शकतो. आपल्या निष्ठेशी त्यांनी प्रतारणा केली नाही, ख्रिस्तसभेविरुद्ध जाहीर तक्रारही केली नाही. परंतु ते गप्पही बसले नाहीत. लंडनमध्ये पन्नाशी ओलांडल्यावर इंग्रजी शिकून त्यांनी १९२६ साली इटली आणि फॅसिझम यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी इकडे इटलीत जनता पक्ष विसर्जित झाला आणि नवीन कायद्यांनी गावोगावचे निवडून आलेले नगराध्यक्ष काढून त्यांच्या जागी सरकारने नेमलेला पोदेस्ता हा अधिकारी बसविण्यात आला. हुकूमशाहीने आपला पाया पक्का करताना संसदेइतकेच गावाच्या नगरपालिकेला हेरले, ही गोष्ट डॉन स्टुर्झो यांच्या सिद्धान्ताची उलट बाजूने मिळालेली साक्षच होती. सर्व काही आपल्यात गिळू पाहणाऱ्या सत्तेसाठी सर्वंकष हे विशेषण वापरणाऱ्या अगदी पहिल्या लेखकांत त्यांची गणना होते.

१९३१ साली पोप अकरावे पायस यांनी क्वाद्राजेसिमो आन्नो हे परिपत्रक काढले. लहान समूहाला जे स्वतः करता येते ते मोठ्या समूहाने त्याच्याकडून हिरावून घेणे हा अन्याय आहे, हे तत्त्व त्यात स्पष्ट शब्दांत मांडले गेले आणि ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचा ते कायमचा भाग झाले. ज्या पोपमहोदयांच्या कारकिर्दीत डॉन स्टुर्झो यांना देश सोडावा लागला, त्यांनीच हे लिहावे, आणि काल्ताजिरोनेत त्या तत्त्वानुसार पंधरा वर्षे कारभार करणारा धर्मगुरू तेव्हा लंडनमध्ये भाड्याच्या घरात दिवस काढीत असावा, हा इतिहासाचा खेळ आहे.

१९३६ साली स्पेनमध्ये यादवी सुरू झाली. जनरल फ्रँकोच्या बाजूला धर्मयुद्ध म्हणून कॅथलिक जगात मोठा पाठिंबा मिळत होता. स्पेनच्या उत्तरेकडील बास्क लोक मात्र कट्टर कॅथलिक असूनही आपल्या स्वायत्ततेसाठी प्रजासत्ताकाच्या बाजूने उभे राहिले. ख्रिस्तमंदिरे जाळणाऱ्यांचा डॉन स्टुर्झो यांनी निषेध केला. पण त्या युद्धाला पवित्र म्हणण्यास त्यांनी नकार दिला आणि बास्क कॅथलिकांची बाजू मांडली. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांत अनेक धर्मबंधू होते.

दुसरे महायुद्ध पेटल्यावर १९४० मध्ये ते अमेरिकेला गेले. प्रकृती खालावलेली होती. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथील रुग्णालयात आणि नंतर ब्रुकलिनमध्ये त्यांनी दिवस काढले. १९४१ मध्ये बिशप मारिओ यांचे निधन झाले. दोघा भावांचा पत्रव्यवहार इतका मोठा होता की, पुढे त्याचे अनेक खंड प्रसिद्ध झाले. पण लुईजी भावाच्या अंत्यविधीला जाऊ शकले नाहीत.

जुलै १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांचे सैन्य सिसिलीत उतरले आणि बेटावर एक नवी चळवळ उसळली. सिसिलीने इटलीपासून फुटून निघावे, असे तिचे म्हणणे होते. मोठे जमीनदार आणि माफियाचे म्होरके तिच्यात सामील होते. ज्याने चाळीस वर्षे सिसिलीच्या अधिकारांसाठी लेखणी झिजविली, तो या चळवळीला आशीर्वाद देईल असे काहींना वाटले असेल. डॉन स्टुर्झो यांनी अमेरिकेतून तिला ठाम विरोध केला. स्वायत्तता आणि फुटीरता या एकाच वाटेवरच्या पायऱ्या नाहीत, हे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे जुने अनुयायी साल्व्हातोरे आल्दिसिओ हे १९४४ पासून सिसिलीचे उच्चायुक्त होते. त्यांच्या काळात बेटाच्या स्वायत्ततेचा मसुदा तयार झाला आणि १५ मे १९४६ रोजी राजाच्या फर्मानाने तो मंजूर झाला. अवघ्या तीन आठवड्यांत, २ जूनच्या सार्वमताने, इटलीतील राजेशाहीच संपली. अनेक शतके राजांना सोसलेल्या सिसिलीला शेवटच्या राजाकडून, तो जाता जाता, स्वायत्तता मिळाली.

डॉन स्टुर्झो तेव्हाही अमेरिकेतच होते. राजेशाही की प्रजासत्ताक हा वाद पेटलेला असताना या प्रजासत्ताकवादी वृद्धाने येऊ नये, असे रोमहून सुचविण्यात आले होते, ते थांबले. दि. ६ सप्टेंबर १९४६ रोजी त्यांचे जहाज नेपल्सला लागले, तेव्हा ते पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होते. त्याच्या आदल्या दिवशी पॅरिसमध्ये त्यांचे जुने सहकारी, पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी यांनी ऑस्ट्रियाबरोबर करार करून दक्षिण तिरोलमधील जर्मन भाषकांना स्वायत्तता देण्याचे मान्य केले होते.

दि. १ जानेवारी १९४८ पासून लागू झालेल्या इटलीच्या संविधानात प्रदेशांना स्थान मिळाले. प्रजासत्ताक एक आणि अविभाज्य आहे व ते स्थानिक स्वायत्तता मान्य करते, असे पाचवे कलम सांगते. देते असे नव्हे, मान्य करते. डॉन स्टुर्झो संविधान सभेचे सदस्य नव्हते. पण या एका क्रियापदात त्यांचा व्हेनिसचा अहवाल आहे. सिसिली, सार्डिनिया, व्हाल्ले दाओस्ता आणि त्रेन्तिनो-आल्तो आदिजे यांना विशेष दर्जा मिळाला. इतर प्रदेशांची मंडळे मात्र कागदावरच राहिली. निवडणुका घेतल्या तर एमिलिया, तोस्काना आणि उम्ब्रिया हे प्रदेश कम्युनिस्टांच्या हाती जातील, ही सत्ताधारी ख्रिस्ती लोकशाही पक्षाची भीती होती. डॉन स्टुर्झो यांच्याच वारसांनी, दिल्लीची सत्ता सोडवत नाही तशी रोमची सत्ता सोडली नाही.

त्यांचे अखेरचे दशक समाधानाचे नव्हते. रोममध्ये कनोसियन भगिनींच्या मठात ते राहत. त्या पक्षात ते सामील झाले नाहीत. डिसेंबर १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष एइनाउदी यांनी त्यांना तहहयात सेनेटर नेमले आणि पोपमहोदयांच्या परवानगीने त्यांनी ते पद घेतले. त्याच वर्षी वसंतात रोमच्या नगरपालिका निवडणुकीत कम्युनिस्टांना रोखण्यासाठी, नवफॅसिस्टांसह सर्व उजव्यांची एक यादी डॉन स्टुर्झो यांच्या नावावर उभी करण्याचा बेत व्हॅटिकनच्या वर्तुळातून निघाला आणि त्यांनी त्यास काही दिवस संमती दिली. दे गास्पेरींच्या विरोधामुळे तो बारगळला. ज्यांनी आपल्याला देशोधडीला लावले त्यांच्या वारसांबरोबर बसण्याची तयारी या माणसाने का दाखविली, हे त्यांच्या चाहत्यांनाही अवघडच जाते.

त्यांचा मुख्य लढा आता सरकारच्या वाढत्या पसाऱ्याशी होता. १९५४ मध्ये जोर्जिओ ला पिरा यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. ला पिराही सिसिलीचेच, फ्लॉरेन्सचे नगराध्यक्ष आणि अत्यंत साध्या, प्रार्थनाशील वृत्तीचे. बेकारांना काम मिळावे म्हणून सरकारने पुढे यावे, हे त्यांचे म्हणणे. तर सरकार सर्वांचा मालक झाले की गरीब माणूस मंत्र्याच्या दारात उभा राहतो, हे डॉन स्टुर्झो यांचे. दोघेही गरिबांसाठीच बोलत होते. तो वाद आजही वाचनीय आहे. १९५८ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, राजकीय पक्षांनी आपल्या पैशाचा हिशेब जाहीर करावा असे विधेयक त्यांनी सेनेटमध्ये मांडले. ते पडून राहिले.

आणि सिसिली? पालेर्मोच्या नॉर्मन राजवाड्यात १९४७ पासून प्रादेशिक विधानसभा भरत होती. कायदे करण्याचे व्यापक अधिकार तिला होते. पण रोममधील नोकरशाहीच्या जागी पालेर्मोतील नोकरशाही आली. शिफारशी, नेमणुका आणि कंत्राटे यांचे जाळे विणले गेले. ऑक्टोबर १९५८ मध्ये तर सिल्व्हिओ मिलाझ्झो हे ख्रिस्ती लोकशाही पक्षातून फुटून, कम्युनिस्ट आणि नवफॅसिस्ट या दोन्ही टोकांच्या मतांवर प्रदेशाचे अध्यक्ष झाले. घोषणा सिसिलीच्या स्वाभिमानाची होती. मिलाझ्झो काल्ताजिरोनेचेच सुपुत्र होते. स्वायत्ततेच्या नावाने चाललेली ही खिचडी डॉन स्टुर्झो यांना पसंत नव्हती, पण आता त्यांचे ऐकणारे थोडे होते. मात्र अधिकार परत केंद्राकडे द्यावेत, असे त्यांच्या लेखणीतून निराशेच्या काळातही उतरले नाही.

जुलै १९५९ मध्ये मिस्सा अर्पण करताना त्यांना अस्वस्थ वाटू लागले आणि ८ ऑगस्ट रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. १९६२ साली त्यांचे अवशेष काल्ताजिरोने येथे आणून सान्तिस्सिमो साल्व्हातोरे या ख्रिस्तमंदिरात ठेवण्यात आले. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, जून १९७० मध्ये, उरलेल्या पंधरा प्रदेशांत प्रथमच निवडणुका झाल्या. भीती होती तेच झाले : ते तिन्ही प्रदेश कम्युनिस्टांकडे गेले. देश मात्र फुटला नाही. २००१ च्या घटनादुरुस्तीने प्रदेशांचे अधिकार आणखी वाढले. २०२४ साली अधिक अधिकार मागणाऱ्या प्रदेशांसाठी नवा कायदा झाला, तेव्हा उत्तरेची श्रीमंती उत्तरेतच राहील या धास्तीने दक्षिणेत विरोध उसळला आणि त्याच वर्षी संविधान न्यायालयाने त्या कायद्यातील अनेक तरतुदी रद्द ठरविल्या.

डॉन स्टुर्झो यांच्या संतपदाची प्रक्रिया मे २००२ मध्ये रोमच्या धर्मप्रांतात सुरू झाली. त्यांना देवसेवक ही पदवी आहे. धर्मप्रांतीय स्तरावरील चौकशी नोव्हेंबर २०१७ मध्ये पूर्ण होऊन कागदपत्रे व्हॅटिकनकडे सोपविण्यात आली. त्यांनी १९१८ साली काढलेल्या शाळेतून काल्ताजिरोनेच्या मातीकामाची परंपरा पुढील पिढ्यांकडे गेली.